कोट गेला, खुंटी राहिली

शिकागो, ११ एप्रिल १९८८

प्रिय लू,

तू पाठवलेली पेकन अक्रोडांची पिशवी पोचली. त्यातले निम्मे माझ्या जावयाने दारातच फोडून खाल्ले. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

रॉन्डेल. शेरिसचा नवरा. एकतीस वर्षांचा घोडा, एकोणऐंशी नंबरच्या रस्त्यावर सिटीची बस चालवतो. नोकरी चांगली, दात चांगले, चर्चला येतो. मला वाटलं होतं, सुटले. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस दोन रेकॉर्ड प्लेअर घेऊन लोकांना नाचवायला जातो. जुनी गाणी घ्यायची, कापायची, खाली ढोल घालायचा आणि वेगात सोडायची. या प्रकाराला इथे 'हाऊस' म्हणतात. कुणाच्या घरात हे चालवून घेतात देव जाणे. गेल्या महिन्यात त्याने आपलं गाणं धरलं.

आपलं गाणं एकच आहे, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण आता ते ओळखू येत नाही. 'तुझा कोट अजून खुंटीवर आहे.'

सदुसष्ट साली ज्या स्टुडिओत आपण ते गायलो तिथे आता टायरचं दुकान आहे. आपलं रेकॉर्डिंग करणाऱ्या मिस्टर पीबल्सची बायको नवऱ्यामागे तळघर आवरत होती, तिने मूळ टेप रॉन्डेलला देऊन टाकली. त्या टेपला चार पट्ट्या असतात. एकीवर वाजंत्री, एकीवर ढोल, तिसरीवर मी, चौथीवर तू. बटण दाबलं की त्या पट्टीवरचा माणूस गप्प. रॉन्डेलने पहिल्यांदा कुणाला गप्प केलं असेल, ओळख.

माझी तिन्ही कडवी गेली. तो माणूस दारातून बाहेर पडतो ते गेलं, ती त्याच्या कॉलरला नाक लावते ते गेलं. राहिलं काय, तर मागे तू म्हणतेस ते 'खुंटीवर, खुंटीवर'. चौसष्ट वेळा. मी मोजलं. कोट गेला, खुंटी राहिली. मी विचारलं, "रॉन्डेल, ही बाई दुःखात आहे हे तुझ्या लक्षात आलंय का?" तो म्हणाला, "हो सासूबाई, म्हणून तर लोक नाचतात." घ्या.

शेवटचा लांब सूर मात्र ठेवलाय. 'कोट न्यायला तरी ये' मधला तो अकरा सेकंदांचा 'ये'. तेवढी लाज राखली.

परवा शेरिसने जड पातेलं उचलण्याआधी जिभेने 'टॉक' केलं, हुबेहूब तुझ्यासारखं. मी म्हटलं, अगं, लू मावशी गावी गेली तेव्हा तू पाच वर्षांची, तिची खोड तुला कुठून लागली? आठवतं का, जेवणाआधीच्या प्रार्थनेला तू टॉक केलंस की बाहेर होझिया काकांचं खेचर गाडी घेऊन चालायला लागायचं?

ऑगस्टच्या तेरा तारखेला आमच्या गल्लीची पार्टी आहे. यंदा तरी ये.

तुझी,
अर्नेस्टिन

ता.क. तुझा हिरवा कोट माझ्या कपाटात जागा अडवून बसलाय. पाठवू की चर्चच्या दानपेटीत टाकू?


बेल्स क्रॉसिंग, मिसिसिपी, २० एप्रिल १९८८

प्रिय टीनी,

तुझं पत्र शाळेच्या स्वयंपाकघरात वाचलं. वाटाणे लागले. मुलांनी खाल्ले, त्यांना फरक कळत नाही.

जावयावर एवढी चिडू नकोस. रेकॉर्डवर तुझं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'सोबत मॅग्नोलिआज'. त्या सगळ्या मॅग्नोलिआज म्हणजे मी एकटी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला बहुमत मिळालंय, तर चौसष्ट वेळा बोलू दे.

शिवाय तुझा सूर ठेवलाय ना? मग झालं. गाणं म्हणजे तो सूर. लोक कडवी विसरतात, तुझा सूर विसरत नाहीत. तू आता तो चर्चमध्येही लावत नाहीस असं कळलं. डॉक्टरांनी मनाई केली आहे तर नकोच लावूस. घशाशी खेळू नये.

यंदा येणं जमेलसं दिसत नाही. कोंबड्या आहेत.

कोट दानपेटीत टाक. इथे कोटाची थंडी पडत नाही.

तुझी,
लू


शिकागो, २ मे १९८८

आदरणीय लू मावशी,

आपण भेटलेलो नाही. मी शेरिसचा नवरा रॉन्डेल पूल. तुमचे पेकन उत्तम होते.

तुमच्याकडे फोन नाही, म्हणून लिहितो आहे. विषय जरा नाजूक आहे आणि मी रोज जेवायला सासूबाईंकडे असतो, हे लक्षात घेऊन वाचावं.

तुमच्या गाण्याचा रिमिक्स मी पुन्हा नव्याने करतो आहे. पहिल्या वेळी मी शेवटचा सूर जुन्या रेकॉर्डवरूनच, ढोलासकट उचलला होता. या वेळी म्हटलं, तिथे सगळं थांबवावं आणि नुसता सूर सोडावा. म्हणून तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे सासूबाईंच्या पट्टीवर, सूर शोधायला गेलो. तिथे त्यांचा आवाज 'ये' वर चढतो आणि फाटतो. मग खोकला. मग एक माणूस म्हणतो, "पुन्हा." हे नऊ वेळा आहे.

सूर चौथ्या पट्टीवर सापडला. तुमच्या. त्याआधी जिभेने केलेला एक 'टॉक' आहे.

टेपच्या डब्यात मिस्टर पीबल्सच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'शेवटचा सूर लुएलाचा. अर्नेस्टिनला सांगू नये.'

जुन्या रेकॉर्डवर त्या टॉकच्या बरोबर वर ढोलाचा ठोका बसलाय, म्हणून आजवर तो कुणाला ऐकू आला नाही. मी ढोल काढला. आता सगळं गप्प होतं, टॉक, आणि मग सूर. काल दुपारी स्केटिंगच्या हॉलमध्ये वाजवून पाहिलं. दोनशे माणसं त्या टॉकवर एक पाय उचलून उभी राहिली. मावशी, सहा वर्षं मी हा धंदा करतोय, असं कधी पाहिलं नव्हतं.

एकच विचारायचं आहे. सासूबाईंना हे माहीत आहे का?

आपला,
रॉन्डेल


बेल्स क्रॉसिंग, ७ मे १९८८

रॉन्डेल,

तिला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, असं समजून चाल. ती चिठ्ठी चुलीत घाल. तुमच्याकडे चूल नसेल तर खा.

आता ऐक, एकदाच सांगते. त्या गाण्याच्या तीन आठवडे आधी शेरिसचा बाप घर सोडून गेला होता. खुंटीवरचा कोट न घेता गेला, हे गाण्यातलं नाही, खरंच तसं झालं होतं. टीनी सकाळी आठ वाजल्यापासून माइकसमोर उभी. तिन्ही कडवी अशी गायली की वाजंत्री मंडळी खाली बघत होती. पण 'ये' म्हटलं की तिचा गळा भरून यायचा. नवव्यांदा फाटल्यावर पाच वाजले, तिला शेजारणीकडून शेरिसला आणायचं होतं, ती बस पकडायला पळाली. पीबल्स मला म्हणाला, तू लावून बघ. मी लावला. एकदाच.

तिला वाटतं त्याने तिच्याच नऊ तुकड्यांतून जोडून काढला. वाटू दे. नवरा गेला होता, लहान मुलगी पदरात, आणि अचानक रस्त्यातले लोक तिला थांबवून विचारायला लागले, "तुम्हीच ना त्या सूरवाल्या?" ती ताठ चालायला लागली. त्या सुरावर तिने पार्लर उघडलं. ते मी काढून घेऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी आईसाठी इथे आले हे खरं. आई बहात्तर साली गेली, तरी इथेच राहिले. कारण आम्ही दोघी एका खोलीत आलो की कुणीतरी म्हणणार, "म्हणा ना ते गाणं." तिला सूर जमणार नाही आणि मला राहवणार नाही. म्हणून मी शिकागोला येत नाही. वीस वर्षं बहिणीचं तोंड पाहिलेलं नाही, ते एका टॉकसाठी वाया घालवू नकोस.

सूर ठेव, टॉक काढ. सगळं घर ओळखतं तो.

लू मावशी


शिकागो, १६ मे १९८८

आदरणीय लू मावशी,

टॉक काढला. ब्लेडने कापला. पाव इंच टेप निघाली. फेकायला हात होईना, म्हणून काडेपेटीत ठेवली आहे.

काल टॉकशिवाय वाजवलं. लोक ठेचकाळले. एका बाईने येऊन विचारलं, "इथे एक पायरी होती ती कुठे गेली?" मी म्हटलं, घरगुती कारणाने काढली.

एक अडचण आहे. आधीच्या टेपची एक नक्कल मी माझ्या मित्राला, क्लिफ्टनला, दिली होती. तो शनिवारी दुपारी बारा वाजता रेडिओवर तासभर नाचाची गाणी लावतो. त्याला सांगितलंय की ती लावू नकोस. तो "हो" म्हणाला. क्लिफ्टन सगळ्यालाच "हो" म्हणतो, एवढाच काय तो प्रश्न.

चिठ्ठीचं काम केलं. गॅसवर.

आपला,
रॉन्डेल


शिकागो, ६ जून १९८८

प्रिय लू,

मी संकटात आहे आणि त्याला जावई जबाबदार आहे.

रिमिक्स चाललाय. बसस्टॉपवर चाललाय, लाँड्रीत चाललाय, चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवणाऱ्या आमच्या उशर मंडळातल्या बायका पांढरे हातमोजे घालून 'खुंटीवर, खुंटीवर' गुणगुणतात. आपल्या वयाच्या माणसांनी बूट घासत, जोडीने, तोलामोलाने नाचावं. पण गुडघे बदललेल्या माणसांनाही मी त्यावर उड्या मारताना पाहिलं. पार्लरमध्ये जी येते ती म्हणते, "अर्नेस्टिन, काय तो सूर गं!" मी म्हणते, मान सरळ ठेवा.

आता मिसेस ओडम, आमच्या गल्लीच्या अध्यक्षीणबाई. बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुका घालते ती. तिने पार्टीची पत्रकं छापली आहेत. त्यावर लिहिलंय, 'दुपारी तीन वाजता अर्नेस्टिन मॅब्री स्वतः तो सूर लावणार.' मला न विचारता. मी म्हटलं, मला डॉक्टरांची मनाई आहे. म्हणाली, कुठले डॉक्टर? मी म्हटलं, ते वारले. म्हणाली, मग आता मनाई कुणाची?

लू, तू ये. मी गंमत करत नाही. कडवी मी म्हणेन, तू नुसती शेजारी उभी राहा. तू शेजारी असलीस तर काहीतरी मार्ग निघेल. एकटीने मला हे जमणार नाही.

तुझी,
टीनी


बेल्स क्रॉसिंग, १४ जून १९८८

प्रिय टीनी,

मिसेस ओडमला सांग, मनुका केकमध्ये घालतात.

तू उगाच घाबरतेस. सूर तुझा आहे, तो कुठे जाणार? लागला तर लागला. नाही लागला तर लोक समजून घेतील, छप्पन्न वर्षांच्या बाईकडून कुणी अकरा सेकंद मागत नाही. आणि मी शेजारी उभी राहून काय करणार? मी आपली मागे 'खुंटीवर' म्हणणारी. तेवढं तर आता ढोलही म्हणतो.

माझं येणं होत नाही. पाय सुजलाय. कोंबड्याही आहेतच.

तुझी,
लू


शिकागो, २७ जून १९८८

आदरणीय लू मावशी,

क्लिफ्टनने लावली.

जसं घडलं तसं सांगतो. परवा शनिवारी माझी सुट्टी होती, म्हणून मी पार्लरचा नळ दुरुस्त करत होतो. तीन बायका ड्रायरखाली, मिसेस ओडम खुर्चीत, सासूबाईंच्या हातात केस सरळ करायचा तापलेला कंगवा. बारा वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर तुमचं 'खुंटीवर' सुरू झालं. बायकांनी पाय हलवायला सुरुवात केली. मी नळाखालून ओरडलो, "स्टेशन बदला!" शेरिस म्हणाली, "वेडा आहेस का, तुझंच गाणं आहे!" मग सगळं थांबलं. तुमचा टॉक असा आला की जणू तुम्ही दारात उभ्या आहात. मग सूर.

मिसेस ओडम म्हणाली, "अगं बाई, हे कोंबड्या कोण बोलावतंय?"

शेरिस हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "आई, हा तर लू मावशीचा टॉक. मग सूरही..." आणि तिने वाक्य गिळलं. पण अर्धं बाहेर पडलंच होतं.

सासूबाईंनी कंगवा खाली ठेवला, रेडिओ बंद केला, कंगवा उचलला आणि मिसेस ओडमला म्हणाल्या, "मान सरळ ठेवा." बस्स.

काल जेवायला मी "अजून थोडं वाढा" म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मावशी, मी अर्धपोटी उठलो. लग्नाला चार वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

मी तुमचं काम नीट केलं नाही. माफ करा.

रॉन्डेल


बेल्स क्रॉसिंग, २ जुलै १९८८

प्रिय टीनी,

रेडिओवर काहीतरी लागलं असं कळलं. गैरसमज नको म्हणून लगेच लिहिते आहे.

तो टॉक माझा आहे, ते मी मान्य करते. त्याचं असं झालं की सूर केव्हा सुरू करायचा हे तुला कळावं म्हणून मी तुला टॉक करून खूण दिली. मग तू सूर लावलास. मी बाजूलाच उभी होते, त्यामुळे माझ्या माइकमध्ये तुझा आवाज गेला आणि म्हणून तो माझ्या पट्टीवर आला. जुन्या मशिनमध्ये असं व्हायचं. मिस्टर पीबल्सही तसंच म्हणाले होते.

तेव्हा सूर तुझा, टॉक माझा. यात काहीच भानगड नाही.

पाय बरा आहे. कोंबड्याही.

तुझी,
लू

ता.क. लगेच उत्तर पाठव. दोन ओळींचं चालेल.


शिकागो, २४ जुलै १९८८

लू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही. लहानपणी मावशीने भाजलेला केक तू खाल्लास तेव्हाही तू म्हणाली होतीस, वाऱ्याने गेला.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण हे पत्र मला लिहिता येत नव्हतं. आता लिहिते. मध्ये थांबवू नकोस.

मला माहीत होतं.

रॉन्डेलच्या टेपमुळे नाही. सदुसष्टच्या नोव्हेंबरपासून. तेव्हा मी दुसऱ्याच्या पार्लरमध्ये केस धुवायच्या कामाला होते. एका बाईच्या डोक्याला फेस लावला होता आणि रेडिओवर आपलं गाणं पहिल्यांदा लागलं. 'ये' आला आणि माझे हात थांबले. माझा गळा मला माहीत नाही का? टॉक ऐकू यायची काही गरजच नव्हती. सूर संपवताना तू शेवटी किंचित हसतेस, लू. लहानपणापासून. ते त्या सुरात ऐकू येतं.

मी ठरवलं, लू आज ना उद्या सांगेल, मग आपण दोघी हसू. तू सांगितलं नाहीस. आठवडा गेला, मग लोक मला रस्त्यात थांबवायला लागले. खरं सांगते, मला ते आवडलं. नवरा टाकून गेलेली बाई म्हणून बघत होते तेच लोक सूरवाली म्हणून बघायला लागले. मी तोंड मिटून टाळ्या घेतल्या. मग तू गेलीस. मला वाटलं, ही रागावून गेली. मी हिचा सूर घेतला आणि हिने बस पकडली.

वीस वर्षं मी हेच समजत होते. प्रत्येक उन्हाळ्यात 'ये' म्हणून लिहायचं आणि तुझं कारण वाचायचं. चौऱ्याहत्तरला छप्पर. अठ्ठ्याहत्तरला कोंबड्या. एक्क्याऐंशीला कोंबड्या. त्र्याऐंशीला विहिरीचा पंप. मी म्हणायचे, बरोबर आहे, हिने मला माफ केलेलं नाही, आणि का करावं? एवढं दीर्घायुषी कोंबड्यांचं घराणं अख्ख्या मिसिसिपीत दुसरं नसेल. तू 'तुझा सूर, तुझा सूर' लिहायचीस, तो मला टोमणा वाटायचा.

गेल्या आठवड्यात रॉन्डेलला टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात रिकामं ताट ठेवलं. दहा मिनिटं टिकला. तुझं मे महिन्यातलं पत्र आणून दिलं. 'तिला सूर जमणार नाही आणि मला राहवणार नाही' ही ओळ वाचली आणि मी पार्लरमध्ये जाऊन गिऱ्हाइकांसमोर रडले. शनिवारी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना. लोकांनी पाहिलं. बघू दे.

काय बायका आहोत आपण! तू माझ्यासाठी झाकलंस आणि मी तुझं झाकलेलं झाकून ठेवलं. आणि त्यापायी आपल्या आईला पोचवायलाही मी आले नाही, तोंड कसं दाखवू म्हणून. त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. लोक उठून मधुमेह बरा झाल्याचं सांगतात, मुलगा तुरुंगातून सुटल्याचं सांगतात. मी म्हटलं, "तो सूर माझा नाही. माझ्या बहिणीचा आहे, लुएला टिब्सचा. टाळ्या मी खाल्ल्या." कुणी 'आमेन'सुद्धा म्हणालं नाही. मग मागून मिसेस ओडमचा आवाज आला, "आणि ते डॉक्टर?" मी म्हटलं, "डॉक्टर नव्हताच." तेव्हा मात्र सगळं चर्च 'आमेन' म्हणालं.

ओडमबाईने तीनशे पत्रकांवर माझं नाव पेनने खोडून तुझं लिहिलं आहे. सगळ्या गल्लीत वाटली. तेव्हा आता सूर तुला लावावा लागेल, नाहीतर ती तिच्या सॅलडबद्दल भाषण करेल.

अजून एक खोटं आहे, तेही सांगून टाकते. तुझा हिरवा कोट कपाटात नाही. कधीच नव्हता. तू गेलीस त्या दिवशी तो दारामागच्या खुंटीवर होता, आजही तिथेच आहे. तीन वेळा घर रंगवलं, तीन वेळा काढला आणि परत टांगला. दानपेटीचं मी तुला दर दोन वर्षांनी विचारते ते एवढ्यासाठीच, की तू म्हणावंस, नको टाकू.

ऑगस्टात कोट लागत नाही हे मला कळतं. पण तुला यायला काहीतरी कारण लागतं.

कोट न्यायला तरी ये.

टीनी


बेल्स क्रॉसिंग, १ ऑगस्ट १९८८

रॉन्डेल,

अकरा तारखेच्या बसने निघते आहे, बाराला दुपारी पोचेन. तू बस चालवतोस, तेव्हा बस उशिरा आली तर तुलाच बोलणार. न्यायला ये. शेरिसलाही आण. तिला मी पाच वर्षांची पाहिली आहे, उगाच भलत्याच बाईच्या गळ्यात पडायला नको.

कोंबड्या शेजारच्या मिसेस फाइन्सला देऊन टाकल्या. चारच होत्या.

टीनीला मी वेगळं पत्र लिहिलेलं नाही. पाच वेळा कागद घेतला. तिला सांग, कोट दारामागेच राहू दे, मी माझ्या हाताने काढणार आहे. आणि तू जेवून घे पोटभर, मी सांगितलंय म्हणून सांग.

ती काडेपेटी जपून ठेवली असशील तर तेराच्या आत तो पाव इंच परत जागेवर चिकटव. आणि तिच्या पट्टीवरचं तिसरं कडवं, कॉलरला नाक लावते ते, ढोल काढून अख्खं घाल. आधी ती, मग टॉक, मग मी.

चिकटवायला नाही जमलं तरी हरकत नाही. टॉक मी बरोबर घेऊनच येते आहे.

लू मावशी